खसखस, जायफळ आणि तो छोटा फॉर्म

एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपुढं उभं राहायला जागा मिळत नाही. मिरच्यांची पोती, डंकांची धडधड, आणि नाकाला ओढणी किंवा पदर लावून आपल्या नंबराची वाट पाहणाऱ्या बायका. परळ, शिवडी, भायखळा, माझगाव, डोंगरी, कुठून कुठून येतात. आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, गेली पस्तीस वर्षं तिथंच मसाला कांडून घेतात. बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. कागदावर कधी लिहिलं नाही आणि सुनांना नीट सांगितलंही नाही.

गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं की यंदा शारजाला धाकट्याकडे दोन किलो मसाला पाठवायचाच. आमचा दीर तिथं अकरा वर्षं नोकरीला आहे. फोनवर एकदा म्हणाला, "अम्मी, इथं सगळं मिळतं, पण आपल्या मसाल्याचा वास नाही." एवढं पुरे झालं. मसाला आला, दुहेरी प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधला, वरून फडकं शिवलं. शेजारच्या खालांनी कंबरदुखीच्या गोळ्यांची एक पट्टीही आणून दिली. त्यांचा मुलगाही तिथंच, म्हणाल्या, "तुमचं पार्सल चाललंच आहे तर टाका आत." मी शाळेला अर्धी सुट्टी टाकली आणि अम्मींना घेऊन पोस्टात गेले.

खिडकीवरच्या भाऊंनी कस्टमचा फॉर्म दिला. मी आतल्या वस्तूच्या रकान्यात इंग्रजीत "स्पायसेस" एवढा एकच शब्द लिहिला, किंमत अंदाजानं टाकली आणि सही केली. त्यांनी फॉर्म पाहिला आणि विचारलं, "मसाला म्हणजे नक्की काय काय आहे?"

अम्मी पुढं सरसावल्या. त्यांच्या मसाल्याबद्दल कुणी इतक्या आस्थेनं पहिल्यांदाच विचारत होतं. मिरची, धणे, बडीशेप, शहाजिरं, दगडफूल, चक्रीफूल, लवंग, मिरी, दालचिनी, जायफळ, खसखस... "खसखस" म्हटल्याबरोबर भाऊंनी पेन खाली ठेवलं.

"चाची, हे पार्सल परत घरी न्या," ते म्हणाले. "खसखस तिकडे चालत नाही. पकडलं तर तुमच्या मुलाला पोलीस नेतील, मला कुणी काही विचारणार नाही."

अम्मींना वाटलं, हा माणूस मस्करी करतोय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. खसखस! आपण ती हलव्यात घालतो, अनारशाला लावतो, बाळंतिणीला खिरीतून देतो. पण मस्करी नव्हती. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अफूची शेती सरकारी परवान्यानं होते आणि बी बाजारात खुलं विकलं जातं. पण त्या बियांना बोंडातल्या चिकाचा अंश लागलेला असू शकतो, त्या पेरल्या तर उगवूही शकतात, म्हणून संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथं खसखस नेणं किंवा मागवणं बंद आहे. तिथं ती किराणा नाही, अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी वस्तू आहे. सौदीत तर अख्खं जायफळ आणि जायफळाची पूडही नेता येत नाही.

मग आठवण झाली खालांच्या गोळ्यांची. पट्टी बाहेर काढून भाऊंना दाखवली. त्यांनी मान हलवली. घरी येऊन नाव वाचलं तर त्यात ट्रॅमाडॉल होतं. हे औषध आपल्याकडेही २०१८ पासून अमली औषधांच्या कायद्याखाली आलं आहे. अमिरातीत ते आणि कोडीनचं खोकल्याचं औषध नियंत्रित यादीत आहे, आधी परवानगी घेतल्याशिवाय बाळगता येत नाही. खालांना यातलं काही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण फॉर्मवर सही माझी होती आणि पार्सल घेणाऱ्याचं नाव माझ्या दिराचं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या मुंबईतल्याच एका जोडप्याची बातमी सारखी आठवत राहिली, तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल. जुलै २०१९ मध्ये ते दोघं कतारला फिरायला गेले होते. बाई गरोदर होती. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईनं सोबत एक पाकीट दिलं होतं, जर्दा आहे म्हणून. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलोच्या वर चरस निघालं. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. मुलगी तुरुंगातच जन्मली. इकडे घरच्यांनी धावपळ केली, भारतातल्या तपास यंत्रणेनं खरा प्रकार शोधला, आणि २०२१ च्या मार्चमध्ये ते निर्दोष सुटले. एप्रिलमध्ये मुंबईत परतले, तेव्हा लेक वर्षाची होऊन गेली होती. तो डाव जाणूनबुजून रचलेला होता, आमचा मसाला अजाणतेपणाचा, हे खरं. पण विमानतळावरच्या किंवा टपालातल्या अधिकाऱ्याला आपल्या मनातलं कसं दिसणार? त्याच्यापुढं फक्त पाकीट असतं आणि त्यावरचा कागद.

तो कागद म्हणजे काय, हे मी त्यानंतर सावकाश समजून घेतलं. बी.एड. केलेल्या बाईला एक पानभर फॉर्म धड भरता येऊ नये, याची थोडी लाजही वाटली.

जगभरच्या टपालखात्यांची एक संघटना आहे, विश्व डाक संघ. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात ती स्थापन झाली आणि १८७६ पासून भारत तिचा सभासद आहे. शारजा असो की केपटाऊन, पार्सलावरचा कस्टमचा फॉर्म सगळीकडे एकाच नमुन्याचा असतो, तो या संघामुळं. लहान पाकिटाला, म्हणजे दोन किलोपर्यंतच्या आणि बेताच्या किमतीच्या, सीएन २२ नावाचं छोटं लेबल लागतं. मोठ्या पार्सलाला किंवा किंमत जास्त असेल तर सीएन २३ हा मोठा फॉर्म. किमतीची सीमा तीनशे एसडीआर अशी असते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, आपल्या पैशांत तीनशे म्हणजे साधारण पस्तीस हजार रुपये. फॉर्म इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये भरतात. आपण इंग्रजीतच भरणार.

पूर्वी हा कागद पार्सलाला चिकटून पार्सलाबरोबरच जायचा. पलीकडच्या अधिकाऱ्याला वाटलं तर तो वाचायचा. आता तसं नाही. २०२१ च्या सुरुवातीपासून वस्तू असलेल्या प्रत्येक टपालाची माहिती संगणकातून आधी पुढं पाठवावी लागते. पार्सल अजून मुंबईतच असतं, आणि त्यात काय आहे, किती वजनाचं, कुणी कुणाला पाठवलं, हे पलीकडच्या देशाच्या कस्टमला कळलेलं असतं. अमेरिकेनं त्यासाठी २०१८ मध्ये कायदाच केला. कारण टपालातून येणारी जीवघेणी नशेची औषधं. युरोपीय संघानं मार्च २०२१ पासून हीच अट घातली. म्हणजे आपण खिडकीवर उभ्या उभ्या गडबडीत जे खरडतो, ते खिडकीवरचा माणूस संगणकात टाइप करतो आणि तेच समुद्रापार जातं. आपलं अक्षर त्याला लागलं नाही तर त्याला जे वाचता येईल ते जाईल.

युरोपीय संघानं तर चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या वर्णनांची यादीच काढली आहे. नुसतं "गिफ्ट", नुसतं "क्लोथ्स", नुसतं "फूड" चालत नाही. गिफ्ट हे वस्तूचं नाव नाही. ते कशासाठी पाठवलं याचं उत्तर आहे, आणि त्यासाठी फॉर्मवर वेगळी चौकट असते: भेट, कागदपत्रं, व्यापारी नमुना, विक्रीचा माल, परत पाठवलेला माल, इतर. त्यातल्या एकीवर खूण करायची. वस्तूच्या रकान्यात मात्र वस्तूच लिहायची. "बायकांचा सुती कुर्ता, दोन नग, ४५० ग्रॅम, १,४०० रुपये" असं. प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ, प्रत्येकीचं निव्वळ वजन. यासाठी स्वयंपाकघरातला काटा फार उपयोगी पडतो. पार्सल शिवून झाल्यावर खिडकीवर कुर्त्याचं वजन कुठून आणणार?

आणखी एक रकाना असतो, एचएस कोडचा. तो पाहून माणूस घाबरतो. ब्रसेल्समधल्या जागतिक सीमाशुल्क संघटनेनं जगातल्या सगळ्या मालाला सहा आकडी क्रमांक दिले आहेत, १९८८ पासून ते वापरात आहेत. पहिले चार आकडे कळले तरी निम्मं काम होतं. ओढणी, शाल, स्कार्फ ६२१४ मध्ये. मिरची आणि मिरी ०९०४ मध्ये. हळद, आलं, केशर ०९१० मध्ये. छापील पुस्तकं ४९०१, खोटे दागिने ७११७, सुकी मासळी ०३०५. पापड कुठं असेल सांगा? १९०५ मध्ये, पाव-बिस्किटांच्या घरात! मला हे वाचायला कादंबरीसारखं वाटलं. सगळ्या जगाचा संसार कुणीतरी फडताळात लावून ठेवलाय, असं.

हे सगळं कळल्यावर मी नववीच्या वर्गात एक तास याच फॉर्मवर घेतला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे अब्बा, चाचा, मामू आखातात आहेत. फॉर्मच्या झेरॉक्स वाटल्या आणि म्हटलं, समजा ईदसाठी घरून पार्सल जातंय, भरा. पस्तीसपैकी एकवीस जणांनी वस्तूच्या रकान्यात "ईद गिफ्ट" लिहिलं. एकानं लिहिलं, "मदर्स फूड". त्याला मार्क द्यावेत की नाही, मला समजेना. एका मुलीनं सांदण पाठवायचं ठरवलं होतं, ती बिचारी अर्धा तास त्याला इंग्रजी शब्द शोधत बसली. शेवटी वर्गानं मिळून ठरवलं: वाफवलेला तांदळाचा गोड केक. मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "टीचर, पण सांदण तीन दिवसांत खराब होईल की!" हाही मुद्दाच होता. टपालात नासणारी वस्तू घेतच नाहीत.

त्या तासाला एक गंमत निघाली, ती सांगायचा मोह आवरत नाही. सीएन फॉर्मवर फ्रेंचमध्येही शीर्षक असतं, त्यात "दुआन" असा शब्द येतो. दुआन म्हणजे कस्टम. हा शब्द फ्रेंचांकडे आला इटालियनमधून, तिथं आला अरबीतून, आणि मुळात तो आपला फारसी "दीवान". गालिबचा दीवान तोच आणि दिवाणजींचा दिवाण तोच, मूळ अर्थ नोंदवही, दफ्तर. आणि मराठीत आपण कशाला जकात म्हणतो? घरात जकात म्हणजे वर्षाच्या बचतीतून गरिबांचा काढलेला वाटा, आणि बाहेर जकात म्हणजे मुलुंड-दहिसरच्या नाक्यावर ट्रक अडवून घेतला जाणारा कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाके बंद झाले, शब्द मात्र राहिला. मुलांना हे ऐकून इतकं आश्चर्य वाटलं की घंटा झाली तरी कुणी उठेना.

आता किमतीची गोष्ट. इथं माझी चूक वेगळ्या तऱ्हेची होती. माझी मोठी बहीण, आपा, इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. दोन वर्षांपूर्वी ईदला मी तिला, तिच्या दोन मुलींना आणि जावेला असे चार सूट पाठवले. शहाण्यासारखी खरी किंमत लिहिली, चारींची मिळून ९,२०० रुपये, एका ओळीत. "गिफ्ट"च्या चौकटीत खूणही केली. मला वाटलं, भेट आहे म्हटल्यावर कर कसला? पार्सल पोचलं, पण आपाच्या दारात आधी कार्ड आलं: कर आणि हाताळणीची फी भरा, मग माल घ्या. तीन हजार रुपयांच्या वर भरावे लागले. आपा काही बोलली नाही. "सूट छान आहेत" एवढंच म्हणाली. ते मला जास्त लागलं.

नियम असा आहे की ब्रिटनमध्ये भेटवस्तू ३९ पौंडांपर्यंतच करमुक्त असते, म्हणजे आपले साडेचार हजारांच्या आसपास. पण एकाच पार्सलात चौघांच्या चार भेटी असतील, प्रत्येक वेगळी बांधून तिच्यावर ज्याचं-त्याचं नाव घातलं असेल आणि फॉर्मवर चार वेगळ्या ओळी असतील, तर ३९ पौंडांची सूट प्रत्येक भेटीला मिळते. माझे सूट सरासरी वीस पौंडांचे होते. चार पिशव्या, चार चिठ्ठ्या आणि चार ओळी लिहिल्या असत्या तर आपाला एक पैसा भरावा लागला नसता. युरोपीय संघात ही मर्यादा ४५ युरो आहे, कॅनडात ६० डॉलर. आपल्या बाजूनं मात्र ऐसपैस मोकळीक आहे, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तू भेट म्हणून बाहेर पाठवता येतात. अडचण नेहमी पलीकडच्या दारात असते.

हे सांगितलं की लगेच कुणीतरी सुचवतं, "मग किंमत कमी लिहायची, कोण बघतंय?" आमच्या स्टाफरूममध्येही हीच चर्चा झाली. एक म्हणजे बघतात. चार भरजरी सूट दोनशे रुपयांचे, हे कुणालाही पटणार नाही, मग पार्सल अडकतं आणि खुलासा मागतात. दुसरं, पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीच्या वर मिळत नाही. आणि तिसरं, त्या फॉर्मवर सहीच्या वर एक वाक्य छापलेलं असतं: दिलेली माहिती खरी आहे आणि आत कोणतीही धोकादायक किंवा मनाई असलेली वस्तू नाही, असं मी प्रमाणित करतो. मुलांना "खोटी सही करू नका" म्हणून ओरडणाऱ्या माणसानं तिथं काय करावं, हे मी स्टाफरूममध्ये बोलले नाही. पण दोघी-तिघींनी चहाचे कप जरा जास्तच वेळ ढवळले.

आपाची फर्माईश असते माहीमच्या अफलातूनची. ते जमत नाही. मावा आणि तूप म्हणजे दुधाचे पदार्थ, आणि आपल्या देशातून मांस किंवा दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये पार्सलनं नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड तर बिया, मध, झाडपाला यांवरही फार कडक आहेत, त्यांच्या शेतीला परदेशी कीड लागू नये म्हणून. अत्तराचंही तसंच. भावाला ईदला अत्तर पाठवावंसं वाटतं, पण स्पिरिटवालं अत्तर आणि सेंट पेट घेणारे पदार्थ म्हणून हवाई टपालात बंद. पॉवर बँक बंद, नोटा, नाणी आणि सोनंही बंद. मेहुण्याच्या मुलाला ईदी म्हणून पाकिटात नोट घालू नका. ती पैशांच्या रस्त्यानंच पाठवा.

अमेरिकेचं गेल्या वर्षी जे झालं ते तर सगळ्यांनाच बाधलं. तिथं ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल बिनकराचं आत जायचं. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. कर कुणी गोळा करायचा, कसा भरायचा, हेच विमान कंपन्यांना स्पष्ट नव्हतं, म्हणून भारतीय टपालखात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बुकिंग थांबवलं. १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू सुरुवातीला चालू ठेवल्या होत्या, नंतर काही काळ त्याही थांबल्या. १५ ऑक्टोबरला सेवा परत सुरू झाली ती जकात इथंच आगाऊ भरण्याच्या पद्धतीनं. दिवाळी तोंडावर होती. दादर-गिरगावातल्या ज्या घरांतून दरवर्षी फराळाचे डबे न्यूजर्सीला जातात, त्यांची काय धांदल उडाली असेल! आमच्याच शाळेतल्या एका सहकारी बाईंनी चकल्या तळून ठेवल्या होत्या आणि रोज टपालखात्याची सूचना बघत होत्या. १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीला तिथं सूट राहिली आहे, पण ती भेट एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली हवी.

याच्या उलटं काहींचं होतं. आमच्या ओळखीतल्या एक बाई ओढण्यांवर सुंदर जरदोसी काम करतात. कुवेत, केपटाऊन इथल्या कोकणी कुटुंबांकडून त्यांना मागणी येते. त्या सगळं "गिफ्ट" म्हणून पाठवायच्या. ती भेट नव्हे, तो धंदा आहे, आणि धंदा केल्यात लपवण्यासारखं काय आहे? आयात-निर्यात कोड पाचशे रुपये फी भरून ऑनलाइन मिळतो. टपालखात्यानं आता डाकघर निर्यात केंद्रं उघडली आहेत, तिथं लहान व्यावसायिकांचे निर्यातीचे कागद पोस्टातच होतात. त्या बाईंना मी हे सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे मी एक्सपोर्टर झाले?" त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू बघण्यासारखं होतं.

आमच्या लहानपणी पार्सलांचा प्रवाह उलटा होता. आखातातून यायचं. कापडाचे तागे, टँगचे डबे, टेपरेकॉर्डर, सेंटच्या बाटल्या. अब्बा पार्सल सोडवायला बॅलार्ड इस्टेटला फॉरेन पोस्टात जायचे आणि संध्याकाळी दमून यायचे. आता बाहेरून भेट आली तरी जुनी सवलत उरलेली नाही. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून करमाफी फक्त जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राखीला आहे, बाकी वस्तूंवर पूर्ण जकात भरावी लागते. तेव्हा कुणी आपल्याला घड्याळ पाठवतो म्हणालं तर आधीच सांगून टाका.

पत्त्याबद्दल एक गोष्ट. आपल्याला पिनकोडची सवय आहे, १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. ती कल्पना आपल्याच कोकणातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. परळ ४०००१२, दादर ४०००१४, गिरगाव ४००००४, लहान पोरंही सांगतात. पण अमिरातीत टपाल घरी येत नाही, पोस्ट बॉक्सवर येतं. दिराच्या इमारतीचं नाव आणि मजला कितीही नीट लिहिला तरी उपयोग नाही. त्याच्या कंपनीचा बॉक्स नंबर आणि त्याचा चालू मोबाइल नंबर, हे दोन हवेतच. पोस्टातून मिळालेली पावती जपून ठेवा. तिच्यावर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी भारताचं आयएन असा क्रमांक असतो, त्यावरून पार्सल कुठं आहे ते फोनवर दिसतं. पाठवणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रतही लागते, ती सोबत ठेवा म्हणजे झेरॉक्ससाठी उन्हात पुन्हा उतरावं लागत नाही.

बांधणीचं म्हणाल तर मला अजूनही जीपीओबाहेर बसणारे पार्सल शिवणारे आवडतात. विजापूरच्या गोल घुमटासारखा घुमट असलेली ती १९१३ सालची इमारत, आणि तिच्या बाहेर पांढरं कापड, सुई-दोरा आणि लाख घेऊन बसलेली माणसं. हात इतका सराईत की पाच मिनिटांत खोकं कापडात. एकदा त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, आत काय आहे ते तुम्ही विचारता का? म्हणाला, "विचारतो ना बाई. अर्ध्या लोकांना तर माहीतच नसतं. म्हणतात, भाभीनं दिलंय."

तर आमच्या मसाल्याचं काय झालं? अम्मी दोन दिवस रुसल्या. खसखशीशिवाय मसाला म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. मग एका सकाळी स्वतःच म्हणाल्या, "चल, लालबागला." दीड किलोचा वेगळा मसाला करायचा ठरला, खसखस नाही, जायफळ नाही. डंकावर गेल्यावर त्यांनी मालकाला सांगितलं, आधीच्या घाणीतला कणही राहता कामा नये, डंक स्वच्छ पुसून घ्या. त्यानं कपाळाला हात लावला, पण पुसून घेतला. घरी मी काट्यावर वजन केलं. फॉर्मवर लिहिलं: मिरची आणि धण्याची मसाला पूड, खसखस व जायफळविरहित, एक पिशवी, १,५०० ग्रॅम, १,३०० रुपये, भेट. सही अम्मींनी केली, उर्दूत. पाठवणाऱ्या त्या होत्या ना.

खिडकीवर तेच भाऊ होते. त्यांनी फॉर्म वाचला, अम्मींकडे पाहून हसले आणि काही न विचारता शिक्का मारला.

बारा दिवसांनी दिराचा फोन आला. कोंबडी शिजवली होती, रूमवरच्या सगळ्यांनी बोटं चाटली. मग जरा थांबून म्हणाला, "पण अम्मी, यंदा चवीत काहीतरी कमी आहे."

"आहे," अम्मी म्हणाल्या. "तुझा तुरुंग कमी आहे."

आता त्याला कोकमं आणि तांदळाचे पापड हवे आहेत. पापड पाव-बिस्किटांच्या घरात असतात, हे मला ठाऊक आहे. कोकमांचं घर अजून शोधते आहे.